पत्रा तापला की चहा

लोकांना वाटतं आमची चैन आहे. "रोज असल्या गाड्यांत बसायला मिळतं तुला, नशीब काढलंस बाई!" माझी चुलत बहीण भेटली की हेच तुणतुणं. बसायला मिळतं, पण कसं? डोकं खाली, पाय वर. सीटखाली कोपरापर्यंत हात घालून मी लोकांची कानातली, गोळ्यांची पाकिटं आणि वाळून दगड झालेली च्युइंगमं काढते. चामडं पुसते. शिवणीतली धूळ दात घासायच्या ब्रशने उकरते. बाहेरून या गाड्या कितीही झगमगोत, आत सगळ्यांची तीच तऱ्हा. नाव मोठं, लक्षण खोटं.

मला घरात काडी म्हणतात. अंगाने तशीच आहे आणि स्वभावानेही. घासली की पेटते. लग्न झालं होतं, टिकलं नाही, त्यावर मी बोलत नाही. तेव्हापासून थोरल्या भावाकडे राहते आणि त्याच्याच बरोबर कामाला जाते. महागाच्या, पळणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या साफ करून चमकवायच्या हे आमच्या वर्कशॉपचं काम. गाडीचं आतलं माझ्याकडे, बाहेरचं दादाकडे. दादा माझा, पण तिथे सगळेच त्याला दादा म्हणतात, मालकसुद्धा. मालक वयाने लहान. वडील गेल्यावर वर्कशॉप त्याच्या हातात आलं आणि छपराबरोबर, नळाबरोबर दादाही आला.

रंगावरचे ओरखडे मशीनने घासून काढायचे, हे दादाचं काम. सांगायला सोपं आहे. गोल फिरणारं जड मशीन, त्याला लोकरीची गादी, गादीला पॉलिश, आणि ते रंगावर फिरवत राहायचं. एका जागी थांबलं की पत्रा तापतो. पत्रा तापला की रंग जळतो. आणि रंग तो असा कितीसा जाड? कांद्याच्या पापुद्र्याएवढा. म्हणून दादा दर थोड्या वेळाने मशीन उचलायचा आणि पत्र्याला हाताची मागची बाजू लावायचा, तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला आई लावते तशी. कोमट लागलं तर पुढे, गरम लागलं तर थांब. सगळं काम झालं की डोळे मिटून अख्ख्या गाडीवरून तळवा फिरवायचा. त्या हाताने "झाली" म्हटल्याशिवाय आमच्याकडून गाडी बाहेर पडत नसे.

आणि गाडी धुतली की ब्रेकमध्ये पाणी राहतं. ते सुकवायला बाहेर एक चक्कर मारून आणावी लागते. ती चक्कर दादाची. घरी त्याची स्वतःची सायकल आहे, तीही मागे पंक्चर. पण त्या चक्करीला निघताना तो केस विंचरायचा, खरंच सांगते, खिशातून कंगवा काढून. मी शेजारी बसायचे, कारण गतिरोधक आला की कोणीतरी उतरून, रस्त्यावर ओणवं होऊन, गाडीचं पोट घासतंय का बघावं लागतं. एवढी महागाची गाडी, आणि तिला वाट दाखवायला एक बाई गुडघ्यावर!

मलाही त्याने चालवायला शिकवलं. एक हिरवी होती, इंजिन पाठीशी, मागचं काही म्हणजे काही दिसायचं नाही. मी घामाघूम. कुठे घासली तर काय, एवढंच डोक्यात.

"मारक्या म्हशीची शिंगं धरल्यासारखं काय धरतेस?" दादा म्हणाला. "सैल धर. सैल धरलं की रस्ता हातात येतो. खडा, भेग, ओल, सगळं सांगते गाडी. जुन्या गाड्या तर गप्पाच मारतात."

"मला तर कधी काही बोलली नाही."

"तू कोणाला बोलू देशील तर ना!"

गाड्यांची मला कधी भूल पडली नाही. पण त्या चक्करीत दादाचा चेहरा बघायला मला आवडायचं. घरी वहिनीच्या, कामावर मालकाच्या आणि चोवीस तास माझ्या बोलण्याखाली दबलेला माणूस तिथे एकदम मोकळा दिसायचा.

मग हे हातांचं सुरू झालं. आधी फक्त थंडीत. सकाळी गार पाण्याला हात लागला की बोटं खडूसारखी पांढरी पडायची. तो काखेत दाबून धरायचा आणि म्हणायचा, म्हातारपण आलं. मी म्हणायचे, आलं तर येऊ दे, त्याला काय आमंत्रण लागतं? हसण्यावारी नेलं सगळं. एके दिवशी सकाळी घरी, वहिनीला मदत म्हणून, त्याने गॅसवरचं पातेलं उघड्या हातांनी उचललं आणि ओट्यावर ठेवलं. सावकाश ठेवलं, हेच भयंकर होतं. वहिनी किंचाळली. दादाने स्वतःची बोटं वर करून पाहिली. फोड यायला लागले होते, आणि तो बोटांकडे ती दुसऱ्याच कोणाची असल्यासारखा बघत होता.

वहिनी त्याला हट्टाने डॉक्टरकडे घेऊन गेली. परत आल्यावर तो म्हणाला, काही नाही, व्हिटॅमिन कमी आहे. वहिनीने मला कपडे वाळत घालताना गाठलं.

"वन्सं, ह्यांच्या हातांच्या नसा गेल्यात म्हणे. मशीनच्या हादऱ्याने. मशीन सोडलं तर आहे तेवढं तरी राहील, नाहीतर तेही जाईल. ह्यांनी मला शपथ घातलीय, कोणाला सांगायचं नाही म्हणून."

"मग मला कशाला सांगतेस?"

"तुम्ही का कोणी आहात?" वहिनी म्हणाली आणि ओली चादर तोंडाशी धरून रडायला लागली.

मी दादाशी बोलायला गेले. पहिल्या वाक्यालाच त्याने हात वर केला. "काडे, मला दुसरं काय येतं ते सांग. सांग ना. मग सोडतो." मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, ती वाळलेले कपडे काढायला निघून गेले.

त्यानंतर कामावर माझं अर्धं लक्ष त्याच्याकडे असायचं. एकदा चंदेरी गाडीच्या बॉनेटवर तो मशीन चालवत होता. उचललं, हात लावला, "थंड आहे" असं स्वतःशीच म्हणाला आणि परत टेकवणार, इतक्यात मी उगाच फडकं घेऊन पुढे झाले आणि तिथे हात ठेवला. झटकन मागे घेतला. तवा होता, तवा! आता ओरडावं कसं? मालक शेजारीच फोनवर बोलत उभा. "गरम आहे" म्हटलं असतं तर दादाच्या हातांचं बिंग तिथल्या तिथे फुटलं असतं. तोंडाला आलं ते बोलून गेले.

"दादा, चहा घेऊ या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मशीन बंद केलं आणि म्हणाला, "चल."

बस, तिथून तेच सुरू झालं. तो मशीन लावायचा, मी फडकं घेऊन आसपास घुटमळायची, पत्रा तापला की चहा. आतलं काम मी त्याच्या मधल्या वेळात उरकायची. सकाळपासून संध्याकाळपर्यंत चहा, चहा, चहा. मालक म्हणाला, "ताई, तुम्हाला चहाच्या मळ्यातच ठेवायला हवं होतं." मी म्हटलं, "ठेवा की, पण मग तुमच्या सीटा कोण चाटणार?" पित्ताने माझं पोट जळायला लागलं, पण रंग कुठे जळला नाही. शेवटी तो डोळे मिटून तळवा फिरवायचा, "झाली" म्हणायचा, आणि तो पाठमोरा झाला की मी माझा हात फिरवून घ्यायची. कुठे खरखर राहिली असेल तर गुपचूप पुसून टाकायची. मला वाटत होतं, त्याला यातलं काही ठाऊक नाही. वाटत होतं, मी मोठी हुशार.

आणि मग कप्तानाची लाल गाडी आली.

कप्तान म्हणजे जहाजावर नोकरी केलेला एक म्हातारा. उमेदीत घेतलेली ती बुटकी, दोन माणसांची गाडी त्याने पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. रंग अजून पहिलाच, कारखान्यातून आलेला. दादाखेरीज दुसऱ्याने तिला हात लावलेला त्याला चालायचा नाही. त्या दिवशी तो आला तेव्हा आत बसायला गेला होता एकटा, बाहेर काढायला मात्र मी, दादा आणि मालक, तिघं लागलो.

"बघ, हे असं आहे," तो काठीवर टेकत म्हणाला. "गुडघे संपले. गाडी देतोय मी. घेणारा चांगला आहे, जुन्या रंगाची कदर असणारा. मिस्त्री, एकदा शेवटचं तिला नवरीसारखी कर." दादाला तो मिस्त्री म्हणायचा. "आणि झाली की माझ्या घरी तूच आणून दे. टेकडीच्या रस्त्याने, लांबच्या वाटेने. ती चक्करबिक्कर नको, सुखाने चालवत आण. इतकी वर्षं तुझ्या डोळ्यांतली ओढ बघतोय मी."

दादाचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत त्याने त्या गाडीचं चाक वर्कशॉपच्या भोवतालच्या चार गल्ल्यांपलीकडे नेलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी तो जेवताना सारखा हसत होता. वहिनीने मला खुणावलं, बघितलंत का म्हणून.

जुन्या रंगाची एक गोम असते. नव्या गाड्यांवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, आपण तो घासतो. जुन्यांवर तो नसतो, खुद्द रंगच घासला जातो. गादी पहिल्या फेरीतच लालभडक होते. म्हणजे रंग थोडा निघतोय की पुरा चाललाय, हे डोळ्यांना कळायला मार्ग नाही. तिथे फक्त हात खरा. मला हे माहीत होतं. म्हणून त्या दिवशी मी दुसरी गाडी हातातच घेतली नव्हती. सकाळपासून लाल गाडीच्या आत बसून होते, दार उघडं टाकून, दादा हाताच्या अंतरावर. बॉनेट झालं, दारं झाली. चहा इतका झाला की चहावाल्याने विचारलं, कोणी पाहुणे आलेत का.

पुढच्या चाकावरच्या उंचवट्यावर पाखराच्या विष्ठेचा एक जुना डाग होता, रंगात मुरलेला. उंचवट्यावर रंग नेहमी पातळ. दादाने तिथे मशीन लावलं, आणि तेवढ्यात मालकाने बाहेरून हाक मारली.

"ताई, जरा या इकडे. लवकर."

"आलेच," मी दादाला म्हटलं.

"ये," तो म्हणाला.

बाहेर पिवळ्या उभा होता. पिवळ्या म्हणजे पिवळ्या गाडीचा मालक, दारं वर उघडणारी ती. गाडीवर माशी बसली तरी फोन करणारा पोरगा. सीटच्या चामड्यावर एक ओरखडा दाखवून म्हणाला, "हे तुमच्या अंगठीने झालंय."

डोकंच सणकलं माझं. "अंगठी? कुठली अंगठी? दाखव माझ्या बोटात अंगठी, मग बोल!"

"बांगडी असेल."

"मनगट बघ. मोकळं आहे. आम्ही कामाला येतो, वरातीला नाही."

मालक म्हणत होता, जाऊ द्या, जाऊ द्या. पण मी कुठली जाऊ देतेय! मी त्या पोराला कमरेचा पट्टा काढायला लावला. पट्ट्याचं बकल सीटवर टेकवून दाखवलं. ओरखडा बरोबर जुळला. पोरगा कावराबावरा झाला. तिथे संपलं होतं. पण नाही, मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "म्हण, माझं चुकलं म्हण. बाईमाणूस दिसलं की आळ घ्यायचा होय?" मी जिंकत होते आणि मला त्याची गोडी लागली होती.

मध्येच कानाला काहीतरी खटकलं. मशीनचा आवाज कधी एकसारखा नसतो, तो फिरता असतो, लांब जातो, जवळ येतो. आत तो एका जागी बसला होता. किती वेळ बसला होता देव जाणे. मी पिवळ्याला तसाच सोडून धावले.

"दादा, चहा! चहा!"

त्याने मशीन उचललं. उंचवट्यावर, जिथे डाग होता तिथे, आता तळहाताएवढी करडी जागा होती. लाल नाही, काही नाही. खालचा अस्तराचा रंग, आणि मधोमध पत्रा. जळक्या रंगाचा वास सुटला होता. दादाचा डावा हात अजून त्या पत्र्यावर टेकलेलाच होता. मी तो ओढून काढला. बोटांची मागची कातडी सोलवटली होती.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागाने नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"आज चहा का नाही म्हणालीस गं?" त्याने विचारलं.

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. पहिल्या चहापासून. मी पाठीमागून हात फिरवायची तेही माहीत असणार. तो मुद्दाम लवकर पाठ वळवत असणार, मला वेळ मिळावा म्हणून. "मी वाट बघत होतो," तो म्हणाला, "म्हटलं, ही आली असेल परत, काही म्हणत नाही म्हणजे थंडच आहे."

मालक आला आणि कपाळाला हात लावून उभा राहिला. मी म्हटलं, चूक माझी, मीच इथे नव्हते, मीच मशीन लाव म्हटलं, माझाच धक्का लागला. एका दमात चार थापा मारल्या, एकीचा दुसरीशी मेळ नाही.

"काडे, गप्प बस," दादा म्हणाला. आजवर असं तो मला कधी बोलला नव्हता. "कप्तानसाहेबांना फोन लावा मालक. मी बोलतो."

कप्तान रिक्षा करून आला. उंचवट्यापाशी वाकायला त्याला वेळ लागला. अंगठा त्या करड्या जागेवर फिरवत राहिला, जणू पुसून निघेल.

दादा त्याच्यासमोर ताठ उभा राहिला. "कप्तानसाहेब, माझ्या हातांना आता कळत नाही. बरेच दिवस झाले. कळत नाही हे ठाऊक असून मी तुमच्या गाडीला मशीन लावलं."

सगळ्या वर्कशॉपने ऐकलं.

"मला सांगितलं असतंस," कप्तान म्हणाला. "पाखराचा डाग होता ना रे? राहू दिला असता. डागासकट दिली असती गाडी." त्याचा आवाज चिरकला, मग त्याने खाकरून नीट केला. "उद्या घरी आणून दे. टेकडीच्या रस्त्याने. बोललो ते बोललो."

जाताना तो नेहमी दादाचा हात हातात घ्यायचा. त्या दिवशी त्याने काठी हातातून सोडली नाही. रिक्षात चढायला मी आधार दिला.

मालकाला मी आजवर पुष्कळ नावं ठेवली, पण तो वाईट वागला नाही, आणि तेच जास्त झोंबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दारापाशी, टेबलामागे, एक खुर्ची ठेवलेली होती, गादी घातलेली. "दादा, तुम्ही आता इथे बसा. गिऱ्हाइकांशी बोला. लोक तुम्हाला मानतात." दादाने मान हलवली. खुर्चीवर बसून पाहिलं. हात कुठे ठेवायचे हे त्याला समजेना, म्हणून मांडीवर ठेवले. मशीन खुंटीला टांगलेलं होतं, वायर गुंडाळून, नीट, त्यानेच आदल्या दिवशी टांगलं होतं तसं. मी आत जाऊन, ओरखड्यासाठी आमच्याकडेच राहिलेल्या पिवळ्याच्या गाडीत, सीटवर डोकं टेकून रडले. चामड्यावर डाग पडले ते मग मीच पुसले.

दुपारी आम्ही लाल गाडी घेऊन निघालो. दादाने बोटांना पट्टी बांधली होती. कंगवा त्याने खिशातून काढला, बघितला आणि परत ठेवला.

आभाळ भरून आलेलं, पण पडत काही नव्हतं. गावाबाहेर पडल्यावर रस्ता टेकडीला लागतो, एकापुढे एक वळणं, दोन्ही बाजूंना सुकलेलं गवत. गाडी खरंच सुंदर चालत होती. इंजिन वळणावळणाला सूर बदलत होतं, वास पेट्रोलचा आणि जुन्या चामड्याचा. समोरून येणारी माणसं वळून बघत होती. बॉनेटच्या डाव्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर, ती करडी जागा होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि दुसरं काही बघत नव्हते.

"काय म्हणते गाडी?" मी विचारलं. काहीतरी बोलावं म्हणून.

दादाने स्टीअरिंग सैल धरलं, मग घट्ट धरलं, मग एकेक बोट उचलून पुन्हा टेकवलं. फोन लागत नसला की माणूस परत परत बटण दाबतो तसं. दोन वळणं गेली. मग त्याने गाडी कडेला घेतली.

"तू चालव."

"मी नाही. तुझी आहे ही खेप."

"काडे, चालव म्हणतो ना. मला काही येत नाहीये हातात. नुसता एक गोल धरलाय, झालं."

उतरून आम्ही जागा बदलल्या. मी सीट पुढे ओढली, गाडी सुरू केली. नेहमीप्रमाणे घट्ट धरलं होतं. मग त्याची म्हैस आठवली आणि मी बोटं सैल सोडली.

देवा रे! सगळं आलं. रस्ता जसाच्या तसा हातात आला. डांबराचं जुनं ठिगळ, त्याच्या कडेची बारीक खडी, वळणावर चाकं जरा सरकली ते, पुढच्या डाव्या चाकाखालून गेलेला एक एकटा खडा. कोणीतरी बोटं हातात घेऊन सांगत बसावं, तसं. इतकी वर्षं तो हेच म्हणत होता. इतकी वर्षं मी त्याची थट्टा करत होते.

"सांग," दादा म्हणाला. तो समोर बघत होता, पट्टी बांधलेले हात मांडीवर ठेवून, सकाळी खुर्चीत ठेवले होते तसे. "बोलते का?"

काय सांगू त्याला? की तुझ्याकडून गेलं ते इथे आहे, माझ्याकडे, जिला त्याची कधी कदर नव्हती?

"कुठलं काय!" मी म्हटलं. "नुसती हादरतेय. जड आहे मेली. उगाच कौतुक करत होतास इतकी वर्षं."

बोलताना माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. गालावरून ओघळलेलं पुसायला हात मोकळा नव्हता. दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा माझ्या हातांकडे, ते किती सैल होते ते.

मग तो हळूच म्हणाला, "काडे, चहा घेऊ या?"

त्या रस्त्याला चहाचं दुकान नव्हतं. पुढेही नव्हतं, मागेही नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.